पॅराशूटला लटकलेली लुना

प्रियदर्शनी रणपिसे आमच्या कंपनीत ट्रॅव्हल डेस्क सांभाळायच्या. डेस्क म्हणजे जिन्याखालच्या कोपऱ्यातलं एक टेबल, त्यावर दोन फोन, एक फॅक्स आणि कोणाकोणाच्या पासपोर्टांची चळत. बंड गार्डनजवळच्या इमारतीत आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. सत्त्याण्णव साली मी अकोल्याहून येऊन तिथं नोकरीला लागले, तेव्हा दर आठवड्याला कोणी ना कोणी अमेरिकेला, जर्मनीला, नाहीतर इंग्लंडला निघालेलं असायचं. सगळ्यांचे व्हिसा, तिकिटं आणि मुंबईपर्यंतच्या टॅक्सी प्रियाताई बघायच्या. लोणचं हातातल्या बॅगेत ठेवू नका, हे त्या इतक्यांना इतक्या वेळा सांगायच्या की शेवटी त्यांनी कागदावर लिहून तो भिंतीला चिकटवला होता. तरीही लोक विचारायचेच. मग त्या मान वर न करता म्हणायच्या, "भिंतीला विचारा."

परतणारा प्रत्येकजण त्यांच्यासाठी चॉकलेट आणायचा. त्यांना गोड आवडायचं नाही, पण कोणाचं मन मोडायचं नाही म्हणून त्या घ्यायच्या आणि दुपारी सगळ्या मजल्यावर वाटून टाकायच्या.

मला पहिल्यांदा अमेरिकेला पाठवलं ते एका लहानशा गावात. गावाला लागूनच लष्कराचा तळ होता आणि माझ्या तिथल्या सहकारी बाईंचा नवरा सैन्यात होता. मला एकटीला करमत नाही हे बघून त्या मला रविवारी घरी जेवायला बोलवायच्या. निघताना त्यांच्या नवऱ्यानं मला एक कापडी बिल्ला दिला, त्याच्या क्लबचा, बाहीवर शिवायचा. परतीच्या प्रवासात विमान रखडलं आणि मी सगळी चॉकलेटं खाऊन संपवली. रिकाम्या हातानं प्रियाताईंसमोर कसं जायचं, म्हणून मी तो बिल्लाच त्यांच्यापुढे ठेवला.

त्या दिवशी त्यांच्यामागे सकाळपासून कटकट होती. दोघांचे व्हिसा नामंजूर होऊन परत आले होते आणि साहेब सगळ्यांदेखत बोलले होते. त्यांनी बिल्ला उचलला आणि बघितला. निळ्या गोल कापडावर पिवळं पॅराशूट, आणि त्याला लटकलेला एक बेडूक. बेडकाच्या पायात लष्करी बूट, त्यातल्या एका बुटाची नाडी सुटलेली, आणि बेडूक खाली त्या नाडीकडे बघतोय. प्रियाताई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की अकाउंट्सवाले काय झालं म्हणून बाहेर आले. मग डोळे पुसून त्यांनी बिल्ला उलटा करून मागची बाजू बघितली. त्यांची चंपामावशी येरवड्यात मशीनवर शाळांचे बिल्ले आणि मंडळांच्या टी-शर्टवरची नावं भरून द्यायची, त्यामुळे भरतकाम दिसलं की आधी उलट बाजू बघायची ही त्यांची लहानपणापासूनची सवय.

बिल्ल्यावर काय लिहिलंय ते त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं की हा तिथल्या लष्करी तळावरच्या पॅराशूट क्लबचा आहे. सैनिक सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून, खेळ म्हणून विमानातून उड्या मारतात, त्यांचा क्लब. प्रियाताईंनी बेडकाकडे पुन्हा एकदा बघितलं. त्यांचं माहेर येरवड्यातलं आणि सासरही तिथलंच, नागपूर चाळीत. एका अंगाला लोहगावचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला छावणी. लष्कर म्हणजे त्यांच्यासाठी काटेरी तार, गेट, गेटावरचा जवान आणि फोटो काढण्यास मनाई असल्याची पाटी.

"त्या गेटाच्या आत कोणी हसत असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं," त्या म्हणाल्या.

तिथून सुरुवात झाली. परदेशी निघालेल्या माणसाच्या हातात तिकीट देताना त्या सांगायला लागल्या, चॉकलेट नको, ते लक्ष्मी रोडवर मिळतं. तिथं जवळपास लष्कराचा पॅराशूट क्लब असेल तर त्यांचा बिल्ला आणा. पैसे घेऊन कोणालाही उड्या मारू देणाऱ्या खासगी केंद्रांचे बिल्ले त्यांना नको असायचे. सैनिकांच्या क्लबचाच हवा, कारण दिवसभर हुकूम पाळणारी माणसं रविवारी आपल्या बाहीवर काय लावतात, हेच त्यांना बघायचं होतं.

आमची इंजिनियर मंडळी तोवर परदेशात रविवारी खिचडी लावून झोपत असत. आता त्यांना उठावं लागलं. प्रियाताईंना नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती, कारण पुढचा व्हिसा त्यांच्याच हातात. मुलं नकाशे घेऊन निघाली, चुकीच्या बसमध्ये बसली, कुठल्यातरी गावाबाहेरच्या हिरव्या माळावर पोचली आणि तिथल्या माणसांशी बोलली. हॉलंडला गेलेला एकजण तर तिथल्या हवाई दलाच्या लोकांबरोबर दिवसभर धिरडी खात बसला आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेला. आणि बिल्ले यायला लागले. पिशवी सांभाळत उतरणारा करकोचा, पंख फुटलेलं डुक्कर, बिळातून डोकं काढून वर बघणारी आणि मी येत नाही असं तोंड केलेली घूस. प्रियाताईंनी घरी एका जुन्या निळ्या पडद्यावर ते टाचून ठेवले. त्यांचे यजमान मच्छिंद्र भोसरीला कारखान्यात कामाला होते. ते पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या घरी पडदा फाटायच्या आधीच ठिगळं लावतात." पण जागा संपल्यावर दुसरा पडदा त्यांनीच आणून टांगला.

नव्व्याण्णव साली यज्ञेश्वर जोगळेकरला जर्मनीला पाठवलं. सदाशिव पेठेतला मुलगा, कामात पक्का, बोलण्यात तिरका, आणि कामाशिवाय घराबाहेर न पडणारा. वडील गेल्यापासून घरी आई आणि तो, दोघंच. प्रियाताईंनी त्याला इंटरनेटवर सापडलेला एक फोटो दाखवला. डोंगराळ भागातल्या एका लष्करी तळाच्या क्लबचा बिल्ला होता. त्यावर पॅराशूटनं उतरणारी गाय, चारी पाय ताठ, आणि गळ्यातली घंटा वाऱ्यानं तोंडासमोर आलेली. क्लब त्याच्या कामाच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर होता.

"मी तिकडे काम करायला चाललोय," यज्ञेश्वर म्हणाला. "बोहारणीचा धंदा करायला नाही."

"बोहारीण भांडी तरी देते. तुम्ही नुसती गाय आणा," प्रियाताई म्हणाल्या आणि पासपोर्ट त्याच्या हातात ठेवला.

तो गेला. क्लबच्या दारावर पाटी होती, तिचा अर्थ त्यानं एकाला विचारून घेतला: चौकशी उड्या संपल्यावर. उड्या अंधार पडल्यावर संपतात. त्या पाटीखाली उभं राहून आपल्याला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, असं तो नंतर सांगायचा. क्लबचा प्रमुख हॉर्स्ट नावाचा निवृत्त सार्जंट होता, पांढऱ्या मिशांचा आणि कमी शब्दांचा. त्यानं सांगितलं की बिल्ला विकत मिळत नाही. इथं जो उडी मारतो त्याला मिळतो, आणि तो त्यानं स्वतःच्या अंगावर वापरायचा असतो. नाहीतर एका क्लबनं दुसऱ्या क्लबला आपला द्यायचा आणि त्यांचा घ्यायचा. तुमचा क्लब कोणता?

यज्ञेश्वर त्या दिवशी रिकाम्या हातानं परतला. पण तो पुढच्या रविवारी पुन्हा गेला, त्याच्या पुढच्या रविवारीही. आणि महिनाभरानं एके दिवशी प्रियाताईंच्या टेबलावरचा फोन वाजला. "मॅडम, मी उडी मारली," यज्ञेश्वर म्हणाला, "माझ्या पाठीला त्यांचा एक शिक्षक बांधला होता, पण मारली. गायीचा बिल्ला मिळाला, पण हॉर्स्टनं तो तिथल्या तिथं माझ्या स्वेटरवर शिवायला लावला. तुम्हाला देता येणार नाही. आणि आमच्या घरी सांगू नका."

प्रियाताईंनी सांगितलं नाहीच. पण क्लबात येणाऱ्याला एक अर्ज भरावा लागायचा, आणि यज्ञेश्वरनं सवयीनं त्यात कायमचा पत्ता म्हणून सदाशिव पेठेतला लिहिला होता. क्लबनं उडीचा फोटो इमानदारीत त्या पत्त्यावर पाठवून दिला.

एका दुपारी जिन्याखाली साठीच्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या. चापूनचोपून नेसलेली सुती साडी, हातात पर्स. मी तेव्हा तिथंच उभी होते.

"रणपिसे बाई आपणच का?"

"हो. बसा ना."

"बसायला आलेली नाही," असं म्हणून त्या बसल्या आणि पर्समधून फोटो काढून टेबलावर ठेवला. "मी इंदुबाई जोगळेकर. हा माझा मुलगा. त्याच्या पाठीला जो बांधलाय, तो आमचा कोणी लागत नाही. आपला कोण लागतो?"

प्रियाताईंनी फोटो बघितला. निळ्या आभाळात यज्ञेश्वर, वाऱ्यानं गाल फुगलेले, केस उभे. त्यांनी शांतपणे सगळी हकीकत सांगितली. आपण बिल्ला मागितला होता, उडी नाही, हेही सांगितलं. मग फोटो इंदुबाईंकडे वळवून म्हणाल्या, "पण तोंड बघा ना त्यांचं."

इंदुबाईंनी बघितलं. बराच वेळ बघितलं. "हा फोटोत दात दाखवत नाही," त्या म्हणाल्या. "मुंजीतसुद्धा दाखवले नव्हते."

राग तिथंच निम्मा उतरला. प्रियाताईंनी चहा मागवला आणि खणातले, घरी न्यायचे राहिलेले दोन-चार बिल्ले दाखवायला काढले. इंदुबाईंनी करकोचा हातात घेतला आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर तो उलटा केला. प्रियाताईंच्या हातातली घूसही तोवर उलटी झाली होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. इंदुबाई आयुष्यभर मुलींच्या शाळेत शिवणकाम आणि भरतकाम शिकवत होत्या. पुढचा तासभर मुंबईहून आलेले दोन फोन मी घेतले, कारण टेबलावर साखळी टाका, मशीनचा टाका आणि करकोच्याची मान कुठं चुकली याखेरीज काही चाललेलं नव्हतं.

निघताना इंदुबाईंनी विचारलं की मग त्या गायीचं काय. प्रियाताईंनी हॉर्स्टची अट सांगितली.

"मग काढा क्लब," इंदुबाई म्हणाल्या. "पुण्यात काय, चार माणसं जमली की मंडळ होतं."

माणसं मोजली तर होती. दुसऱ्या खेपेला अमेरिकेत मीही एकदा उडी मारली होती, सगळा वेळ डोळे मिटून. हॉलंडवाल्या मुलानं मारली होती. यज्ञेश्वर तिसरा. पुढच्या रविवारी सदाशिव पेठेत इंदुबाईंच्या फ्लॅटवर आमची सभा भरली. यज्ञेश्वर फोनवर होता. बिल्ल्यावर काय काढायचं यावर पोहे गार होईपर्यंत वाद झाला. हॉलंडवाल्याला शनिवारवाड्याचा दरवाजा हवा होता. मी घोड्यावरचा मावळा सुचवला. प्रियाताईंनी दोन्हीला नकार दिला. इतक्या देशांतल्या सैनिकांनी बेडूक, डुक्कर आणि घूस लावलीय, त्यांच्यासमोर आपण छाती काढून उभं राहायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. इंदुबाईंनी पोह्यांच्या बशा बाजूला सारल्या. त्यांनी पेन्सिल घेतली आणि काढायला लागल्या. खाली पार्किंगमध्ये त्यांची स्वतःची लुना उभी होती, ज्या लुनावरून त्या इतकी वर्षं शाळेत गेल्या. तीच लुना कागदावर उतरली, पॅराशूटला लटकलेली. वर तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली बाई, हँडलला भाजीची पिशवी, पिशवीतून मेथीच्या दोन काड्या बाहेर. बाई दोन्ही पाय खाली सोडून जमीन शोधतेय.

बेडूक बघितल्यावर प्रियाताई हसल्या होत्या, तशाच त्या दिवशी पुन्हा हसल्या. खाली नाव आलं: पुणे रविवार मंडळ, स्थापना १९९९.

चंपामावशीनं मशीनवर पहिला नमुना काढला तेव्हा पॅराशूटचा मोदक झाला. इंदुबाई रिक्षानं येरवड्याला गेल्या आणि दोन दिवस मशीनशेजारी बसून राहिल्या. चंपामावशी म्हणायची की ही बाई मला माझ्याच घरात छडी मारेल. पण तिसरा नमुना उतरला तो अगदी हवा तसा. मेथीची पानंसुद्धा ओळखू यावीत असा.

प्रियाताईंनी हॉर्स्टला ई-मेल लिहिली. इंग्रजी मी बघून दिलं, पण मजकूर त्यांचाच. त्यात त्यांनी काही लपवलं नाही. आमच्यात कोणी सैनिक नाही. तिघांनी एकेकदा उडी मारलीय, तीही दुसऱ्याच्या छातीला बांधून. आणखी दोघी सभासद आहेत, त्यांनी मारलेली नाही आणि मारणारही नाहीत. एवढ्यावर क्लब मानत असाल तर आमचा बिल्ला घ्या आणि तुमची गाय द्या.

चार ओळींचं उत्तर आलं. पत्र क्लबात मोठ्यानं वाचलं, सगळे उभे राहून हसले, आणि आमच्याकडेही काही सभासदांनी मारायला नको होती असं मत पडलं, असं हॉर्स्टनं लिहिलं होतं. गाय यज्ञेश्वरबरोबर आली. प्रियाताईंनी ती पडद्याच्या बरोबर मध्यभागी लावली.

मग उलटंच सुरू झालं. इतके दिवस त्या मागत होत्या, आता लोक त्यांच्याकडे मागायला लागले. हॉर्स्टच्या क्लबात येणाऱ्या पाहुण्यांनी लुना बघितली, त्यांनी आपापल्या देशात सांगितलं. फ्रान्समधून, पोलंडमधून, इंग्लंडमधून विचारणा यायला लागल्या की ती स्कूटरवाली बाई आम्हाला पाठवा, बदल्यात आमचा घ्या. चंपामावशीच्या मशीनवर शाळांच्या बिल्ल्यांमधून वेळ काढून लुना निघायला लागल्या. दर रविवारी इंदुबाई येरवड्याला, नाहीतर प्रियाताई आणि मच्छिंद्र सदाशिव पेठेत. पाकिटं भरायची, जेवायचं, आलेले बिल्ले उलटे करून बघायचे.

दोन हजार एक साली हॉर्स्टच्या क्लबनं उन्हाळ्यात स्पर्धा ठरवली. बऱ्याच देशांचे सैनिकी क्लब येणार होते. पुणे रविवार मंडळालाही रीतसर आमंत्रण आलं. प्रियाताईंनी ते ऑफिसच्या भिंतीवर, लोणच्याच्या सूचनेशेजारी लावलं आणि कामाला लागल्या. जायचा विचार त्यांच्या मनात नव्हताच. यज्ञेश्वर पुन्हा तिकडेच होता, तो मंडळातर्फे हजर राहील असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

मच्छिंद्रनी रात्री जेवताना विचारलं, "सगळ्या ऑफिसला विमानात बसवलंस. तुझा पासपोर्ट कुठाय?"

तो नव्हता. इतक्या वर्षांत तो काढायचा त्यांना सुचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी अर्ज घेतला आणि इतरांचे शेकडो अर्ज न बघता भरणाऱ्या त्या बाईनं त्यात पहिल्याच ओळीत खाडाखोड केली. पोलीस चौकशीला आलेल्या हवालदारांनी जाण्याचं कारण विचारलं. कापडी बिल्ल्यांची देवाणघेवाण, असं त्यांनी सांगितलं. हवालदारांनी पडद्याकडे बघितलं, गायीकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि पर्यटन असं लिहून घेतलं. इंदुबाईंनी मुलाला भेटायचं निमित्त काढलं आणि त्याही निघाल्या. कंपनीतल्या आम्ही सगळ्यांनी मिळून तिकीट काढलं, आणि ते प्रियाताईंच्या हातात देताना हॉलंडवाला मुलगा म्हणाला, "लोणचं हातातल्या बॅगेत ठेवू नका."

पुढची हकीकत मी दोघींकडून ऐकली आहे आणि ती जुळत नाही. इंदुबाईंच्या मते विमानात प्रियाताई घाबरल्या होत्या. प्रियाताईंच्या मते इंदुबाईंनी हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला. पण माळावर काय झालं ते दोघी सारखंच सांगतात.

मोठा हिरवा माळ, भोवती डोंगर, मधोमध एक मऊ गादी आणि गादीवर बशीएवढी चकती. उडी मारणाऱ्यानं टाच त्या चकतीवर टेकवायची, हा खेळ. हॉर्स्ट आला, दोघींशी हात मिळवला आणि प्रियाताईंना गादीजवळच्या खुर्चीवर बसवलं, पंचांच्या शेजारी. इतके बिल्ले जमवलेल्या त्या बाईनं माणूस पॅराशूटनं उतरताना जवळून कधी बघितलाच नव्हता. वर ठिपका दिसला. ठिपक्याचं रंगीत कापड झालं. मग आवाज आला, वाळत घातलेल्या चादरी वाऱ्यावर फडफडतात तसा, आणि त्यात माणसाचा आवाज, कारण तो वरून गाणं म्हणत येत होता. पोक्त, टक्कल पडलेला, कुठल्याशा सैन्यातला अधिकारी. त्याची टाच चकतीवर पडली, तो गादीवर आडवा झाला आणि तसाच पडून लहान मुलासारखा खिदळायला लागला. त्याच्या बाहीवर घूस होती. मी येत नाही असं तोंड केलेली.

"मी उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या," प्रियाताई मला म्हणाल्या. "पंचांच्या शेजारी बसून टाळ्या वाजवायच्या नसतात, हे मला नंतर सांगितलं. दिवसभर मी वाजवल्या."

संध्याकाळी लांब टेबलं मांडून बिल्ल्यांची अदलाबदल झाली. प्रियाताई एकाला एक, अशा सरळ हिशोबानं देत होत्या. इंदुबाईंना ते पटेना. त्यांनी पिशवी आपल्याकडे घेतली आणि तुळशीबागेतल्या आवाजात, शुद्ध मराठीत घासाघीस सुरू केली. एका फ्रेंच कॅप्टननं एक बिल्ला पुढे केला. इंदुबाईंनी तो उलटा केला, सैल टाक्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. त्यानं दुसरा काढला. इंदुबाईंनी लुना परत पिशवीत टाकायचं नाटक केलं. त्यानं हसत हसत तिसराही टेबलावर ठेवला. मग लुनाकडे बघत त्यानं प्रियाताईंना विचारलं की ही बाई तुमच्या कोणत्या पलटणीची.

प्रियाताईंनी इंदुबाईंकडे बोट दाखवलं. कॅप्टननं टाचा जुळवून इंदुबाईंना कडक सलाम ठोकला. इंदुबाईंनी पदर सारखा केला, त्याला मानेनं नमस्कार केला, आणि प्रियाताईंना हळूच विचारलं, "हा चौथा देईल का गं?"